अर्ध्यावर तुटलेलं वाक्य

पनवेलच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी टेलिफोन ऑपरेटर आहे. रिसेप्शनच्या मागे, जिन्याखाली माझं टेबल. मला दिसत नाही. शाळेत असताना नजर कमी कमी होत गेली आणि दहावीच्या आसपास उरलीसुरलीही गेली. मग अंध मुलींच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी टेलिफोनचा बोर्ड शिकले आणि इथे लागले. लग्न झालं, मूल झालं, सासूबाई गेल्या, पण ते टेबल बदललं नाही.

आमचं जुनं एक्स्चेंज म्हणजे भिंतीवर ठोकलेली एक पेटी. बाहेरच्या लाइनी तिच्यात यायच्या, वॉर्डांच्या लाइनी तिच्यातून निघायच्या, आणि माझ्यापुढे बटणांचा बोर्ड असायचा. सारखी लागणारी बटणं चटकन सापडावीत म्हणून मी त्यांच्यावर नेलपॉलिशचे थेंब टाकून वाळवले होते. आयसीयूच्या बटणावर दोन, रक्तपेढीच्या एक. फोन आला की बोर्ड टिक टिक वाजायचा, मी बटण दाबायचे आणि माणूस कानात यायचा. बस, एवढंच काम. पण मला ते आवडायचं, आणि मी ते बरं करायचे.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रशासक सरांनी आम्हाला वर बोलावलं. म्हणाले, "लोक फोन करतात, लाइन एंगेज लागते, मग ते कामोठ्याच्या नाहीतर खारघरच्या हॉस्पिटलात जातात. कोणाचा फोन आला होता तेही आपल्याला कळत नाही. आता सगळे फोन कॉम्प्युटरला जोडायचे. पेशंटचा फोन आला की त्याचं नाव, वॉर्ड, डॉक्टर, सगळं स्क्रीनवर आलं पाहिजे."

खोलीत सगळे 'छान', 'छान' म्हणत होते. स्क्रीन हा शब्द ऐकल्यावर मी पुढचं फारसं ऐकलंच नाही.

आठवड्याभरात सामान आलं. ते बसवायला आलेले गृहस्थ पन्नाशीचे असावेत. रोडपालीला राहायचे. तोंडात सतत लवंग. त्यांनी खोकी उघडायला सुरुवात केली तशी मी म्हटलं, "मला एकेक हातात द्याल का? काय काय बसतंय ते कळू दे."

ते थांबले. मला दिसत नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण गडी चांगला. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक वस्तू माझ्या मांडीवर ठेवत गेले.

"हा गेटवे," ते म्हणाले. चपटी, थंड लोखंडी पेटी होती. मागे खोबणींची रांग. "बाहेरच्या टेलिफोन लाइनी या भोकांत येणार. इथपर्यंत आवाज तांब्याच्या तारेतून येतो. ही पेटी त्याला कॉम्प्युटरला कळेल असा करते आणि या दुसऱ्या बाजूच्या केबलमधून पुढे पाठवते."

मग स्विच आला, तसाच पण लांबट. वॉर्डांतल्या नव्या फोनांना आवाज आणि वीज दोन्ही एकाच केबलमधून तोच पुरवणार होता. मग सर्व्हर, सगळे फोन चालवणारा मुख्य कॉम्प्युटर; तो जड होता, त्याला मी नुसता हात लावला. शेवटी हेडसेट. दोन्ही कानांवर बसणारा, मऊ गाद्यांचा, तोंडापुढे वळणारी दांडी, आणि टोकाला कॉम्प्युटरमध्ये खुपसायची पिन.

"आणि स्क्रीनवर आलेलं मला कसं कळणार?" मी विचारलं.

लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेल्याचं ऐकू आलं.

"घरी मी लॅपटॉप वापरते," मी म्हटलं. "त्यात स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. ते इथे टाकता येईल?"

"टाकता येईल. पण आमचं सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलेल की नाही, ते बघावं लागेल, मॅडम."

त्या दुपारी प्रशासक सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. चहा मागवला. "ताई, तुम्हाला उगाच त्रास नको," ते म्हणाले. "लिनन स्टोअरला बसा. चादरी मोजून द्यायच्या, घ्यायच्या. पगार आहे तोच राहील. तुमच्या जागी एखादी दिसणारी मुलगी घेतो."

दिसणारी मुलगी. ते सहज बोलून गेले. मी म्हटलं, "सर, आधी मला करून बघू दे."

"बघा," ते म्हणाले. "महिनाभर बघा."

घरी गेल्यावर नवरा म्हणाला, "चादरी मोजायच्या तर मोज ना. डोक्याला ताप नाही." तो बरोबर बोलत असेल. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

नवं एक्स्चेंज सुरू झालं आणि माझे हाल सुरू झाले. स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर चाललं, पण अर्धंमुर्धं. पेशंटचं नाव असलेल्या चौकटीवर गेलं की ते नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणायचं. आणि त्याचा आवाज आणि फोनवरच्या माणसाचा आवाज, दोन्ही त्याच हेडसेटमधून, त्याच दोन कानांत. एखादी बाई रडत सांगते आहे की नवरा चक्कर येऊन पडला, आणि तिच्या आवाजावर चढून एक यांत्रिक पुरुष सांगतो आहे, 'लाइन तीन, कनेक्टेड, बटण.' संध्याकाळी डोकं ठणकायचं. भाजीवाल्याशी बोलतानाही मला वाटायचं, मध्येच कोणीतरी 'बटण' म्हणेल.

रिसेप्शनवरची मुलगी मदत करायची. तिच्याही स्क्रीनवर नाव यायचं, ते मला वाचून द्यायची. पण तिच्यापुढेच रांग असायची. शिवाय मला तिची मदत घ्यावी लागते हे प्रशासक सरांच्या कानावर जात होतंच.

त्याच दिवसांत आयसीयूत एक मुलगी आली. शिरढोणच्या पलीकडच्या वीटभट्टीवरच्या एका कातकरी कुटुंबातली, सात-आठ वर्षांची. जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली. सरकारी दवाखान्यात लस दिली, पण श्वास बंद पडायला लागला म्हणून ॲम्ब्युलन्सने आमच्याकडे आणली. तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. आई आयसीयूबाहेर बसून होती. बाप धाकट्या पोरांना घेऊन भट्टीवर. बाईकडे फोन नव्हता. बाप मुकादमाच्या मोबाइलवरून आमच्याकडे फोन करायचा.

पहिल्यांदा त्याचा फोन आला तेव्हा नुसता एक लांब श्वास ऐकू आला. मी 'हॅलो, हॅलो' करत होते.

"बाय," तो एकदम म्हणाला, "माझी पोर तुमच्याकडं हाय. साप चावलेली."

मी आयसीयूला जोडून दिलं. सिस्टरने सांगितलं, मशीनवर आहे, वाट बघू. फोन ठेवायच्या आधी त्याने मलाच विचारलं, "मशीनवर म्हंजे जगंल ना, बाय?"

मी म्हटलं, "दादा, मशीन तिच्यासाठी श्वास घेतंय. तिला बळ आलं की ती स्वतः घेईल."

त्यानंतर तो रोज फोन करायचा. कॉम्प्युटर ज्याला नाव लावू शकत नव्हता असा तो एक आवाज होता, कारण मोबाइल दुसऱ्याचा. मला त्याला ओळखायला कसलीच अडचण नव्हती. 'बाय' म्हणायच्या आधी तो एक लांब श्वास घ्यायचा. पूर्वी असं लांबून कोणी फोन केला, की मी नंबर विचारून ब्रेलमध्ये टोचून ठेवायचे. आता सगळ्यांना सक्त सूचना होती: नंबर विचारण्यात वेळ घालवू नका, कॉम्प्युटर आपोआप ठेवतो.

त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी म्हटलं, "थांबा हं, जोडते." आयसीयूतल्या सिस्टरने उचलला. लाइन नीट जुळली की नाही हे कळायला मी क्षणभर ऐकत राहते, तशी राहिले.

"माझी पोर कशी हाय?" त्याने विचारलं.

सिस्टरच्या मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती घाईत म्हणाली, "ती मण्यारची मुलगी ना? तिचं मशीन सकाळीच काढलं आम्ही..."

आणि लाइन मेली.

तिचीच नाही, सगळंच बंद झालं. डोक्यावरचा पंखा मंदावत गेला. वीज गेली होती. लगेच मागच्या बाजूला जनरेटर घरघरला, पंखा पुन्हा फिरला, लोक कामाला लागले. माझे कान मात्र रिकामेच होते. कॉम्प्युटरचा पंखासुद्धा वाजत नव्हता. जिन्याखाली बसवलेल्या कपाटात गेटवे, स्विच, सर्व्हर होते, आणि त्यांना दिलेला प्लग जनरेटरच्या लाइनीवर नव्हता. ते आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं होतं, की त्या बापाने शेवटचं काय ऐकलं.

व्हेंटिलेटर काढलं होतं कारण मुलगी आपला आपण श्वास घेत होती. सकाळीच सिस्टर मला आनंदाने सांगून गेली होती. पेशंटची बातमी ऑपरेटरने द्यायची नाही, म्हणून मी नुसतं जोडून दिलं होतं. वाक्याचा तो दुसरा अर्धा भाग माझ्या डोक्यात होता आणि त्याच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

मी रिसेप्शनवरच्या मुलीला ओरडून सांगितलं, "त्याचा नंबर बघ, आत्ता बोलत होता त्याचा."

"ताई, कॉम्प्युटरच बंद आहे. कुठे बघू?"

तोवर वॉर्डातून माणसं खाली धावत यायला लागली होती. आयसीयूतला वॉर्डबॉय रक्तपेढीकडे पळत गेला. जो तो आपापल्या मोबाइलवर बोलत होता, आणि वर आयसीयूत मोबाइलला रेंज येत नाही. मी माझ्या मोबाइलवरून रोडपालीच्या त्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, "निघालो. तोवर कपाटाचा प्लग काढून दुसरीकडे लावा."

पण कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ऑफिसात.

मी कठड्याला धरून जिना चढले. मुलीची आई आयसीयूच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली असायची. मी हाक मारली. "बाई, मुकादमाचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

"मला नाय ठावं," ती म्हणाली. मग घाबरून, "का वं? काय झालं?"

"काही नाही. तुमची मुलगी छान आहे. तुमच्या नवऱ्याला कळवायचं होतं."

केसपेपरवर दिलेला नंबर ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा निघाला. तो जासईच्या बाजूला दुसऱ्या पेशंटला घेऊन जात होता. त्याला भट्टी माहीत होती, मुकादम नाही. "मी मोकळा झालो की जाऊन सांगतो," म्हणाला.

रोडपालीहून ते आले. लवंगेचा वास माझ्याजवळून झरकन गेला. कुलूप उघडलं गेलं, कुठून तरी लांब वायरचा बोर्ड आला. मला वाटलं, झालं. पण ते म्हणाले, "थोडं थांबा. स्विच आधी जागा होतो, मग सर्व्हर, मग फोन एकेक करून. याला वेळ लागतो."

जुन्या पेटीला बॅटरी होती. वीज गेलेली तिला कळायचीसुद्धा नाही. हे मी त्यांना म्हटलं नाही. त्यांनाही ते माहीत असणार.

शेवटी कॉम्प्युटर बोलायला लागला. रिसेप्शनवरच्या मुलीने आलेल्या फोनांतला नंबर वाचला, मी लावला. मुकादमाने उचलला.

"तो कधीच निघाला," तो म्हणाला. "सगळेच निघालेत. टेम्पो करून दिला मी. काम बंद ठेवलंय आज. कधी गेली ओ पोर?"

"गेली नाही," मी म्हटलं. "जिवंत आहे ती. टेम्पोवाल्याला फोन करा. त्याला सांगा."

त्याने केला असेल. टेम्पोवाल्याने उचलला नसावा.

मी मुख्य दाराशी जाऊन उभी राहिले. तिथे कधी उभी राहत नाही मी. गाड्यांचे हॉर्न, फळवाल्याच्या हाका, आतून बाहेर जाणारी माणसं अंगावर येतात. वॉचमन म्हणाला, "ताई, आत बसा, आले की मी सांगतो." मी बसले नाही.

ते आले तेव्हा वॉचमनला मला सांगावं लागलंच नाही. टेम्पो थांबायच्या आधीच बायकांचा आवाज आला. त्या मुलीचं नाव घेऊन रडत होत्या. माझ्या दोन्ही बाजूंनी त्या आत शिरल्या. मी "ऐका, ऐका" म्हणत राहिले, पण माझं कोण ऐकतंय. त्या जिना चढल्या आणि वर आईच्या पुढ्यात जाऊन कोसळल्या. आईला वाटलं, आपल्याला कोणी सांगितलं नाही, पण पोरीला काहीतरी झालंय. तिने फोडलेला हंबरडा मला खाली दारापाशी ऐकू आला.

बाप मागे राहिला होता. माझ्यापुढे कोणीतरी येऊन थांबलं. लांब श्वास घेतला.

"बाय," तो म्हणाला, "पोरीला न्यायला आलोय."

"दादा, ती जिवंत आहे," मी म्हटलं. "फोन कट झाला. मशीन काढलं कारण ती आता स्वतः श्वास घेते. जिवंत आहे ती."

मी हात पुढे केला तर त्याच्या हातात कापडाची घडी लागली, कोरी, खळीने कडक. मी हात मागे घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं असेन. मग तो तिथेच, दारात, खाली बसला. वॉचमनने त्याला उठवून वर नेलं.

सिस्टरने त्याला आत नेऊन मुलीजवळ उभं केलं. ती जागी होती. मला हे सिस्टरने सांगितलं. ती स्वतः रडत होती. "मी एक शब्द आधी बोलले असते तर," असं ती सारखं म्हणत होती. मी तिला म्हटलं, "तुझा काय दोष? तू बोलतच होतीस." पण तिला काही ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाप माझ्या टेबलाशी आला. मी त्याची माफी मागितली, हॉस्पिटलतर्फे म्हणा, स्वतःतर्फे म्हणा. तो म्हणाला, "मशीन काढलं म्हंजे मेली. आमाला येवढंच ठावं." त्यात तक्रार नव्हती. असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. "रस्त्यानं धाकट्याला सांगितलं, तुझी ताई देवाघरी गेली," तो म्हणाला. "आता तो इचारतो, मंग परत कशी आली?"

प्रशासक सरांनी मीटिंग घेतली. ते हादरले होते. हादरलेला माणूस कारण शोधतो. ते म्हणाले, "दिसणारी ऑपरेटर असती, तर तिने तो नंबर वेळीच टिपला नसता का?"

मी उत्तर द्यायच्या आधी रिसेप्शनवरची मुलगी बोलली. एरवी ती मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. "सर, मला दिसतं. मी त्याच स्क्रीनसमोर होते. मी कुठे टिपला?"

रोडपालीचे गृहस्थही होते. ते म्हणाले, "सर, जनरेटरवरचा प्लग कोणता ते मी विचारायला हवं होतं. कपाटाला यूपीएस लागणार होता, तो आपण यादीतून काढला. आणि यांच्या कानाचं बघायला मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही."

सर म्हणाले, "काय काय लागेल ते सांगा."

यूपीएस आला. गेटवेची एक लाइन अशी करून घेतली, की वीज गेली तर ती आपोआप माझ्या टेबलावरच्या साध्या, जुन्या फोनवर येते. आणि त्या गृहस्थांनी माझ्यासाठी बोटाच्या पेराएवढी एक वस्तू आणली: आवाजाचं दुसरं कार्ड, कॉम्प्युटरला बाहेरून लावायचं. त्यात एका कानाचा इअरफोन. "आता डाव्या कानात स्क्रीन, उजव्या कानात माणूस," ते म्हणाले. "दोघं भांडणार नाहीत." कंपनीला सांगून त्यांनी काही कामं कीबोर्डवरून होतील असंही करून घेतलं. नावाची चौकट आता वाचली जाते. बाकीच्या काही अजून 'बटण'च म्हणतात.

महिना संपला. लिनन स्टोअरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, पण तुमची जागा पक्की आहे असंही कोणी म्हणालं नाही. डाव्या कानातला आवाज दिवसभर चालू असतो. घरी आल्यावर तो कान मी उशीत दाबून थोडा वेळ पडून राहते.

मुलगी चालत घरी गेली. जाताना आई टेबलाशी थांबली होती. बापाचा फोन नंतर कधी आला नाही. पावसाळ्याआधी भट्ट्या बंद होतात, माणसं आपापल्या वाडीवर जातात. तो धाकटा अजून काही विचारतो का, हे मला कधी कळणार नाही.

पावसाळ्यानंतर मला आमच्या प्रशिक्षण केंद्रातल्या बाईंचा फोन आला. त्यांनीच मला बोर्ड शिकवला होता. आता थकल्यात. "अगं, यंदा टेलिफोनच्या वर्गाला तीनच मुली आहेत," त्या म्हणाल्या. "दोन ठिकाणच्या आपल्या मुलींना नव्या एक्स्चेंजमुळे घरी बसवलं म्हणतात. चालू ठेवू का हा वर्ग?"

मी म्हटलं, "बाई, जुना बोर्ड शिकवू नका. कॉम्प्युटर शिकवा, दोन कानांनी दोन आवाज ऐकायला शिकवा. आणि सामान विकत घेण्याआधी विचारायला शिकवा. नंतर विचारलं तर फार उशीर होतो."

"मग येऊन तूच सांग त्यांना."

मी गेले. रविवार होता. मुलींनी माझा हेडसेट आणि ते छोटं कार्ड हातात घेऊन चाचपलं, कानाला लावून पाहिलं. खूप प्रश्न विचारले. त्यांतली एक, आवाजावरून सर्वांत लहान वाटणारी, शेवटी म्हणाली, "ताई, हे सगळं शिकलो तर घेतील ना आम्हाला?"

बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "माझं मलाच अजून ठाऊक नाही गं." मग कोणीतरी चहा आणला, आणि आम्ही कीबोर्डवरच्या कामांकडे वळलो.